डाळिंबी सासर आणि हिरवी मी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. मान हलवून नाही, तोंडाने म्हणा. कारण हा किस्सा आजवर ज्याला ज्याला सांगितला, त्याने निम्म्यातच चहा नाकातून काढलाय आणि आमच्या जर्सी सिटीच्या फ्लॅटमधला गालिचा घरमालकाचा आहे.

तर मला मुलगा पसंत होता. रोहन. जन्म पार्सिपनीचा. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अडखळतो. पण 'केतकी' इतकं गोड म्हणतो की बाकीचं व्याकरण माफ. मुलालाही मी पसंत होते. राहता राहिले त्याचे आईबाबा, सुनीताकाकू आणि श्रीकांतकाका.

आपल्याकडे मुलगी बघायचा कार्यक्रम कसा असतो? बैठकीची खोली, पोह्यांच्या बशा, कोपऱ्यात खाली मान घालून बसलेली मुलगी. इकडे श्रीकांतकाकांनी मुलाकरवी निरोप धाडला, "तिला मॅचला घेऊन ये."

पस्तीस वर्षांपूर्वी काका सांगलीहून ज्या कॉलेजात एमएस करायला आले, त्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची मॅच. फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो नव्हे हं, चेंडू पोटाशी धरून पळतात तो. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. लग्न व्हायचंय अजून. रंग सांगते, डाळिंबी. काकांच्या घरातले पडदे डाळिंबी, गाडी डाळिंबी, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काकूंना घेतलेली पैठणीसुद्धा डाळिंबी. आणि ह्या कॉलेजचं शेजारच्या राज्यातल्या एका कॉलेजशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. वर्षातून एकदा दोघांची मॅच होते आणि काकांनी ती एकदाही चुकवलेली नाही. रोहन जन्मला तोही मॅचच्या आठवड्यात. बाळाचं तोंड बघून काका हॉस्पिटलमधून थेट एअरपोर्टला गेले, असं काकू सांगतात. अजून सांगतात. आणि ते सांगताना काकांकडे बघत नाहीत.

"तू फक्त मरून घाल," रोहन मला म्हणाला, मरून म्हणजे त्याचं इंग्रजी डाळिंबी, "बाकी काही मॅटर नाही करत."

मी म्हणजे लिफ्टचा दरवाजा उघडला तरी दचकणारी बाई. मला 'बाकी काही मॅटर नाही करत' असं म्हटलं की रात्रभर बाकीचंच सुचत राहतं. मी खेळाचे नियम वहीत उतरवून पाठ केले. डाळिंबी स्वेटशर्ट घेतला. सांडलं-लवंडलं तर म्हणून दुसरा घेतला. दोन्ही घडी करून एकाच बॅगेत भरले, आणि निघायच्या दिवशी ती बॅग एअरपोर्टच्या काउंटरवर विमानाच्या पोटात टाकायला दिली. माझ्या अंगावर काय होतं? हिरवं.

नखशिखान्त हिरवं! हिरवा कुर्ता, हिरवी ओढणी, हिरवे कानातले. कारण शुक्रवार होता आणि नवरात्र होतं. नवरात्राच्या रंगांचं तुम्हाला सांगायला नकोच. घट बसले की अमुक वारी अमुक रंग, आणि तो घालून ग्रुपवर फोटो टाकला नाही तर देवी कोपते की नाही ठाऊक नाही, पण ऑफिसातल्या मराठी बायका कोपतात. यंदा तर आमच्या एचआरने 'सर्वांना सामावून घेऊया' म्हणून रंगांचा तक्ता अख्ख्या कंपनीला ईमेल केला होता. गुरुवारी माझा गोरापान अमेरिकन मॅनेजर पिवळाधमक टाय लावून आला आणि मला म्हणाला, "हॅपी यलो!" मी काय म्हणणार? मी पण म्हटलं, "हॅपी यलो!"

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला काहीतरी सबब हवी.

दुपारी दोनचं विमान, मी एकटीच; रोहन आदल्या दिवशीच आईबाबांबरोबर पुढे गेला होता. ते वीस मिनिटं उशिरा होतं. वीस मिनिटांनी आणखी वीस मिनिटं उशिरा झालं. आधी म्हणे शिकागोवर ढग आहेत. ढग हलले तर पायलट नाही. पायलट मिळाला तर त्याच्या जोडीदाराचे कामाचे तास संपलेले. प्रत्येक घोषणेला मी खुर्चीतून टुणकन उठत होते आणि शेजारचे काका, म्हणजे अमेरिकन काका, आपली कॉफी माझ्यापासून लांब धरत होते. अखेर पाच तासांनी उडालो. शिकागोला पोचलो तर तिथून कॉलेजच्या गावाला जाणारं पुढचं विमान वादळामुळे रद्द. आता सकाळी बघू, म्हणाले. हॉटेलं भरलेली. आणि माझी बॅग? "ती सिस्टीममध्ये आहे," काउंटरवरची बाई म्हणाली. माणूस देवाघरी गेल्याचं सांगतात ना, अगदी त्या आवाजात.

मी रडकुंडीला येऊन गेटपाशी गेले आणि बघतच राहिले.

अख्खं गेट हिरवं! हिरव्या टोप्या, हिरवे शर्ट, एका आजोबांचे मोजे हिरवे. आणि त्यांच्या मध्यभागी एक साठीची धिप्पाड बाई, हिरवा कोट, हिरवी नखं. मला बघताच तिने दोन्ही हात पसरले.

"अगं, काय सुंदर हिरवं घातलंयस!"

"थँक यू," मी म्हटलं, "आज हिरवाच आहे ना."

"आजच का? आमचा तर रोजच हिरवा!"

"तुम्ही पण पाळता?"

"चाळीस वर्षं, हनी! माझी आईसुद्धा पाळायची."

माझे डोळे भरून आले हो. आमच्या एचआरला मी मनात किती हसले होते! आणि इथे शिकागोत बायकाच काय, आजोबासुद्धा मोज्यापर्यंत रंग पाळतायत. मी तिला आपुलकीने आठवण करून दिली, "उद्या मात्र करडा आहे हं."

ती माझ्या खांद्यावर थाप मारून खदखदून हसली. "उद्या तर सगळ्यात जास्त हिरवा!"

मला वाटलं, अमेरिकेत तिथी एक दिवस मागेपुढे होत असेल.

तिचं नाव डेबी. तिने मला हिरवी शाल दिली, अर्धं सँडविच दिलं, पाय पसरायला स्वतःची बॅग दिली. मग मी काय करावं? काकूंसाठी रात्री जागून केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा उघडला. एकेकच देणार होते. पण आपल्याला 'अजून एक घ्या ना' म्हटल्याशिवाय राहवतं का? आणि त्यांना कुणी 'नको नको' म्हणायला शिकवलेलंच नाही! डबा दहा मिनिटांत रिकामा. मग सगळ्यांनी मला मध्ये घेऊन फोटो काढला. मी तो ऑफिसच्या नवरंग ग्रुपवर टाकला, छत्तीस बदाम मिळवले, आणि रोहनला पाठवला. 'बघ, किती छान लोक आहेत!'

दोन सेकंदांत फोन.

"केतकी. हा फोटो बाबांना पाठवलास?"

"नाही. का रे?"

"दे आर द ग्रीन पीपल."

"हो, आज शुक्रवार ना?"

"शुक्रवार नाही! दे आर द अदर टीम! उद्या आपण ज्यांच्या अगेन्स्ट खेळतो ना, ते हे! तू एनिमीच्या मध्ये बसलीयेस!"

मी हळूच मान वर केली. शत्रू माझ्या वड्यांचा डबा बोटाने निपटत होता.

आता शहाण्या मुलीने काय केलं असतं? उठून सांगितलं असतं, की माफ करा, माझी चूक झाली, मी समोरच्या पार्टीची होणारी सून आहे. मी काय केलं? मी डेबीला विचारलं, "अजून कॉफी हवी का तुम्हाला?" घाबरले की मी नम्र होते. लहानपणापासून आहे ते.

सकाळचं विमान आधी लांबलं, मग तेही रद्द झालं. मॅच दुपारी साडेतीनची, पाच तासांचा रस्ता, भाड्याच्या गाड्या सगळ्या गेलेल्या. डेबीच्या मंडळींनी मात्र एक मोठी व्हॅन मिळवली होती. "चल, बस!" ती म्हणाली. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. भावी सासऱ्यांकडे मॅचला न पोचणं, किंवा शत्रूच्या गाडीतून पोचणं. मी बसले. मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंनी हिरवे.

आणि मग पाच तास त्यांची घोषणा. पुढून डेबी ओरडणार, "हूज हिल?" म्हणजे टेकडी कुणाची? आणि मागून सगळे, "अवर हिल!" म्हणजे आमची. कसली टेकडी, कुठली टेकडी, मला आजतागायत कळलेलं नाही. पहिल्या तासाला मी नुसते ओठ हलवत होते. पण गप्प बसले तर ओळखतील आणि हायवेवर उतरवतील, ह्या भीतीने दुसऱ्या तासाला बारीक आवाजात म्हणायला लागले. तिसऱ्या तासाला डेबी म्हणाली, "पोटातून ओरड, हनी, पोटातून!" चौथ्या तासाला माझा आवाज व्हॅनमध्ये सगळ्यात मोठा होता. एका पेट्रोल पंपावर तिने माझ्या दोन्ही गालांवर हिरवे पट्टे ओढले. मी 'थँक यू' म्हणाले.

स्टेडियमच्या पार्किंगमध्ये उतरल्यावर मी पळ काढणार होते. देवाशप्पथ! पण डेबीच्या मायेला अंत नाही. "एवढ्या गर्दीत एकटी कशी जाशील? तुला तुझ्या माणसांपर्यंत सोडतो." आणि निघाली की वरात! पुढे ढोल, मागे बारा हिरवे, मध्ये गाल रंगवलेली मी. ह्या थाटात मी सासरच्या मांडवाकडे निघाले.

मांडव लांबूनच ओळखू आला. डाळिंबी तंबू, घडीचं टेबल, त्यावर गणपती. गणपतीच्या गळ्यात डाळिंबी मफलर. शेजारी एका फुटबॉलला हळदकुंकू वाहिलेलं. शेगडीवर मिसळ रटरटत होती, आणि मॅचच्या दिवशी त्या मिसळीवर कोथिंबीर पडत नाही, हे मला रोहनने आधीच सांगून ठेवलं होतं. हिरवी असते ना!

तेवढ्यात तंबूच्या मागून एक हात आला आणि मला खसकन आत ओढलं. मी किंचाळणार तोच तोंडावर दुसरा हात.

"ओरडू नकोस. मी सुनीताकाकू."

भावी सासूची आणि माझी ही पहिली भेट.

"काकू, नमस्कार करते..."

"नमस्कार नंतर. हे बर्फ आणायला गेलेत, दोन मिनिटांत येतील. रोहनने फोटो दाखवला मला. तोंड इकडे कर." ओल्या रुमालाने त्यांनी माझे गाल असे घासले की एक थर कातडीचाही गेला असावा. मग शाल, ओढणी, कानातले काढून पर्समध्ये कोंबले आणि स्वतःचा जादा स्वेटशर्ट माझ्या डोक्यातून खाली ओढला. माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या त्यात. डेबीच्या वरातीला त्यांनी हसून हात केला, प्रत्येकाच्या हातात मिसळीची वाटी दिली आणि काका दिसायच्या आत पलीकडच्या रांगेत पिटाळलं. पस्तीस वर्षांचा संसार असा उगाच होत नाही, बघा.

काका आले. बर्फाची पिशवी खाली ठेवली. मला आपादमस्तक न्याहाळलं. डाळिंबी. सगळं डाळिंबी.

"ये, ये! प्रवासात त्रास झाला म्हणे?"

"नाही काका, चांगली सोबत होती."

काकू खोकल्या.

"बरं, मला सांग, चार प्रयत्नांत किती यार्ड जायचं?"

"दहा."

"लाथ मारून चेंडू खांबांमधून गेला तर?"

"तीन पॉइंट."

"आणि चेंडू आपल्याकडे असताना आपण काय करायचं?"

"गप्प बसायचं काका, म्हणजे आपल्या खेळाडूंना एकमेकांचं ऐकू येतं."

काका रोहनकडे वळले. डोळ्यांत पाणी. "अरे, हिला गप्प बसायचंसुद्धा माहितीय!"

झालं! मी पास. काकूंनी मला टेबलाखालून चिमटा काढून अभिनंदन केलं. इथे हा किस्सा संपायला हवा होता. मी तर आईला मेसेजही टाकला, 'जमलं.'

पण मॅच बाकी होती ना.

आमच्या जागा नेमक्या हिरव्यांच्या कोपऱ्याला लागून. शेवटची चार सेकंदं उरली, आपण दोन पॉइंटनी मागे. आपला लाथ मारणारा पोरगा उभा राहिला. चेंडू खांबांमधून गेला की आपण जिंकलो. काकांनी एका हातात माझा हात धरला, दुसऱ्यात काकूंचा. सगळं डाळिंबी स्टेडियम चिडीचूप. आमच्या रांगेतल्या एकाने पॉपकॉर्न तोंडात घातला होता, तो तसाच ठेवला त्याने. चावला नाही.

आता मला सांगा, आपल्या माणसांचं कसं असतं? गर्दीत कुणीतरी 'गणपती बाप्पा' म्हणतं. आपण काय विचार करतो का, की कुणी म्हटलं, कशाला म्हटलं, आपण कुठे उभे आहोत? तोंड आपलं आपण उघडतं आणि 'मोरया' बाहेर पडतो. तो थांबवता येत नाही. आपल्याला घडवलंयच तसं!

त्या शांततेत, हिरव्या कोपऱ्यातून, ओळखीचा आवाज आला.

"हूज हिल?"

आणि मी, पोटातून,

"अवर हिल!!!"

एकटी मी. हिरव्यांच्या आधी. माझा आवाज समोरच्या स्टँडवर आपटून परत आला तो मी स्वतः ऐकला.

चेंडू डावीकडच्या खांबाला लागला. टण्‌! आणि बाहेर.

आमची अख्खी रांग वळली. मग पुढची रांग. मग मागची. हिरव्या कोपऱ्यातून डेबी खुर्चीवर चढून मला फ्लाइंग किस देत होती, "दॅट्स माय गर्ल!" काकांनी माझा हात सोडला. सावकाश, एकेक बोट.

रोहन म्हणाला, "बाबा... शी इज न्यू."

आम्ही पार्किंगमध्ये परत आलो. काकांनी तंबू उतरवला. गणपतीचा मफलर सोडून घडी करून ठेवला. मग खुर्चीत बसून जमिनीकडे बघत विचारलं, "हे तुला शिकवलं कुणी?"

आणि माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. शुक्रवार, हिरवा कुर्ता, शिकागो, बॅग, शाल, व्हॅन, गालावरचे पट्टे, मागून ओढणारा हात. काकूंनी कपाळाला हात लावला. काका ऐकत होते. चेहरा दगड.

"आणि काकूंसाठी नारळाच्या वड्या आणल्या होत्या, त्या पण..."

"त्या पण काय?"

"त्यांनी खाल्ल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मॅच हरल्यावर जो चेहरा पडला नव्हता, तो आता पडला. "ओल्या नारळाच्या होत्या?" त्यांनी खोल आवाजात विचारलं.

तेवढ्यात मागून विचित्र आवाज आला. बघतो तर काकू! हातात चहाचा थर्मास, डोळ्यांतून घळाघळा पाणी, हसून हसून वाकलेल्या. "अहो, पस्तीस वर्षं येतेय मी तुमच्याबरोबर," त्या कशाबशा म्हणाल्या, "आज पहिल्यांदा मजा आली हो मला!"

काकांनी त्यांच्या हातातला थर्मास काढून घेतला. मग रोहनला म्हणाले, "तू चार वर्षं ह्या कॉलेजात होतास. तुला आपलं गाणं दुसऱ्या ओळीनंतर येत नाही. हिने शत्रूची घोषणा एका प्रवासात पाठ केली. ही पोरगी बाहेर राहिली तर घातक आहे. घरात आणा."

मी नमस्काराला वाकले. वरून आवाज आला, "एक अट. लग्नात हिरवं काही चालणार नाही."

"अहो, हिरवा चुडा?" काकू.

"डाळिंबी भरा."

हे मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा नागपूरला दोन मिनिटं चित्र गोठल्यासारखं झालं. नेट गेलं नव्हतं. "नवरीला हिरवा चुडा नाही? अगं, सासरे आहेत तरी कोण?"

"इंजिनियर आहेत गं."

"मग असं का?"

आता आईला टेकडीपासून सगळं कुठे समजावत बसू? घाबरून म्हटलं, "त्यांच्या घराण्याची पद्धत आहे." बास! आईने ते मावशीला सांगितलं, मावशीने मामीला, आणि आता साऱ्या नातेवाइकांत एकमत झालंय की घराणं फार जुनं आणि कडक दिसतंय. आईने कासाराकडे डाळिंबी बांगड्या सांगूनही ठेवल्यात.

परवा आमच्या नागपूरच्या गुरुजींनी दोघांच्या पत्रिका बघून मुहूर्त काढला. पुढच्या वर्षी तेवढा एकच उत्तम आहे म्हणे. मी कॅलेंडर उघडलं. शनिवार. मग रोहनने टीमचं वेळापत्रक उघडलं. हिरव्यांशी मॅच पुढच्या वर्षी नवरात्रात नाही, तुळशीचं लग्न झाल्यावर, नेमकी त्याच शनिवारी. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि मला पाणी आणून दिलं.

काकांना अजून कुणी सांगितलेलं नाही. रोहन म्हणतो आई सांगेल. मी काकूंना फोन केला, "काकू, तुम्ही सांगाल ना?"

"छे गं," काकू म्हणाल्या, "तूच सांग. तुझा आवाज लांबवर पोचतो."